नवीम वाचायला बसताना आधी पावसाचा महिना विचारा

शमुवेलाची गोष्ट आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्यात चमत्कार काही दिसलाच नव्हता. लोक हट्टानं राजा मागून घेतात, म्हातारा संदेष्टा शमुवेल दुखावतो आणि म्हणतो, आज गव्हाची कापणी आहे ना, मी देवाला हाक मारतो, तो गडगडाट आणि पाऊस पाठवील. देव पाठवतो. लोकांची पाचावर धारण बसते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. मी पेणच्या घरी पडवीत बसून ऐकत होते. शावुओतचा सण तोंडावर आलेला, म्हणजे जूनचा पहिला आठवडा, आणि आभाळ असं भरून आलेलं की आजीनं गोष्ट अर्धवट सोडून आम्हा पोरांना वाळवण आत घ्यायला पिटाळलं. गव्हाची कापणी त्या सणाच्या सुमारासच असते हे मला ठाऊक होतं. मग जूनमध्ये पाऊस पडला यात देवानं विशेष काय केलं? पडतोच की.

पुढे चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी फळ्यावर 'भूमध्यसागरी हवामान : हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा' असं लिहीत असताना ती पडवी एकदम आठवली आणि खडू हातात तसाच राहिला. शमुवेलाच्या त्या देशात, म्हणजे इस्राएलात, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ थेंब पडत नाही. गहू कापायला आलेला असताना पाऊस म्हणजे आपल्याकडे ऐन पौषात, झोडणी चालू असताना, मृगासारखा कोसळावा तसं. शिवाय उभं पीक झोपणार, ते वेगळंच. शमुवेलासमोरची माणसं का हादरली ते मला कित्येक वर्षांनी कळलं, तेही शाळेच्या पुस्तकातून.

हे सगळं सांगायचं कारण असं. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी रात्री आम्ही चार घरं फोनवर एकत्र येऊन वाचतो: मी ठाण्यात, धाकटी जाऊ पेणला, भाची इस्राएलात दिमोनाला, आणि माझी शाळेतली जुनी सहकारी, जी ख्रिस्ती आहे. वाचतो ते नवीम, म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ. भाचीच्या मैत्रिणी, जावेची सून अशा नव्या बायका मधूनच येतात आणि एकच विचारतात, यातलं वादळ, दुष्काळ, टोळ, भूकंप हे सगळं वाचायचं कसं? देवानं केलं म्हणतात, पण नुसतं तेवढं म्हणून पुढे जायचं का? त्यांच्यासाठी मी वहीत जे लिहून ठेवलंय तेच इथे मांडते. धर्मशास्त्र मला येत नाही. नकाशा येतो.

आधी पुस्तकं जुळवून घ्या

तनाख, म्हणजे आमचं हिब्रू पवित्र शास्त्र, त्याचे तीन भाग: तोरा, नवीम, केतुवीम. नवीम म्हटलं की लोकांना यशया, यिर्मया आठवतात, पण आमच्या क्रमात यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे हीसुद्धा संदेष्ट्यांचीच पुस्तकं. शमुवेलाचा पाऊस आणि एलियाहूचा (मराठी पवित्र शास्त्रातला एलीया) दुष्काळ त्यामुळे याच कप्प्यात येतात. त्यांना नुसता इतिहास म्हणून बाजूला ठेवू नका.

दुसरी अडचण ओव्यांच्या आकड्यांची. पहिल्या महिन्यात आमची निम्मी रात्र यातच जायची. सहकारी म्हणायची योएलाचे अध्याय तीन, भाची म्हणायची चार. दोघी बरोबर. हिब्रू प्रतीत योएलाचे चार अध्याय, ख्रिस्ती छापील प्रतीत तीन. मलाखीचं उलटं: हिब्रूत तीन, तिकडे चार. योनाचा मासा हिब्रूत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत येतो, मराठी पवित्र शास्त्रात तो पहिल्या अध्यायाच्या शेवटी सापडेल. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात दोन आकड्यांचा फरक पडतो. एकदा पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं की कटकट संपली.

एका पानावर वर्ष काढा

वहीचं पान आडवं धरा. वरच्या ओळीत हिब्रू महिने लिहा, तिश्रीपासून: तिश्री, हेश्वान, किस्लेव, तेवेत, श्वात, अदार, निसान, इय्यार, सिवान, तम्मुझ, आव, एलुल. खालच्या ओळीत आपले, आश्विनापासून. दोन्ही पंचांगं चंद्राची असून सूर्याशी जुळवलेली आहेत, दोन्हींत अधिक महिना येतो, म्हणून ही जोडी बऱ्यापैकी टिकते. पेसाहची, म्हणजे वल्हांडण सणाची, पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्याकडच्या हनुमान जयंतीचीच. सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, तो कधी कोजागिरीला येतो, कधी तिच्या आधीच्या पौर्णिमेला.

आता निळ्या पेन्सिलीनं हेश्वानपासून निसानपर्यंत पट्टा रंगवा. हा त्यांचा पाऊस. पट्ट्याच्या सुरुवातीला लिहा 'योरे', मध्ये 'गेशेम', शेवटी 'मालकोश'. योरे पहिला पाऊस, जमीन मऊ करणारा, त्यावर पेरणी. गेशेम हिवाळ्यातला मोठा पाऊस. मालकोश मार्च-एप्रिलचा शेवटचा, दाणा भरणारा. पट्ट्याच्या बाहेर कोरड्या महिन्यांवर लिहा 'ताल', म्हणजे दव. तिथल्या उन्हाळ्यात द्राक्षं आणि काकड्या दवावर तग धरतात, म्हणून दवसुद्धा देवानं दिलं किंवा रोखलं अशी भाषा येते. हाग्गय जेव्हा म्हणतो की आकाशानं दव आवरून धरलंय, तेव्हा ते काव्य म्हणून सोडून देऊ नका, ते पिकाचं नुकसान आहे.

पट्ट्याखाली शेतीची कामं भरायला एक छान आधार मिळतो: गेझेर इथे १९०८ मध्ये सापडलेला चुनखडीचा तुकडा, हातात मावेल एवढा, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. कुणीतरी त्यावर वर्षाची कामं खरडून ठेवली आहेत. दोन महिने फळं गोळा करायची, दोन पेरणी, दोन उशिरची पेरणी, एक अंबाडी-जवसासारखं धाग्याचं पीक काढायचा, एक जवाच्या कापणीचा, एक कापणी आणि मोजणीचा, दोन द्राक्षवेलींचे, एक उन्हाळी फळांचा. बस, संपलं वर्ष. मी हे बारा महिने पोस्टकार्डावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवले आहेत.

इथे मराठी वाचकासाठी एक खड्डा आहे, मी त्यात दोनदा पडले. मराठी पवित्र शास्त्रात योरे आणि मालकोश यांना 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' म्हटलंय. शब्द इतके घरचे की वाचताना बरं वाटतं. आगोट म्हटलं की मला सुकी मासळी, पापड, चिंचेचे गोळे, कौलांची डागडुजी सगळं दिसतं. पण आपल्याकडे वळीव आधी येतो आणि आगोट मागून. त्यांच्याकडे आगोटीचा आधी, ऑक्टोबरात, आणि वळवाचा शेवटी, एप्रिलात. आपला वळीव आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या झोडपतो, लोक शिव्या घालतात. त्यांचा वळीव आला नाही तर वर्षभराचं पोट जातं. जखऱ्या 'वळवाच्या वेळी परमेश्वराजवळ पाऊस मागा' म्हणतो ते त्यामुळे. भाषांतर करणाऱ्यांची अक्कल मी वाखाणते, याहून चांगले शब्द मलाही सुचले नसते. फक्त तुम्ही पानावरचा पट्टा समोर ठेवा.

आमोसाचं एक वाक्य या पट्ट्यावर ठेवून बघा. 'कापणीला तीन महिने असताना मी पाऊस आवरून धरला.' जवाची कापणी निसानात. तीन महिने मागे मोजा, तेवेत येतो. म्हणजे योरे झाला, पेरणी झाली, रोपं वर आली, आणि मग हात आखडला. घरातलं बी मातीत गेल्यावरचा दुष्काळ. जून कोरडा गेला तर शेतकरी निदान पेरणी थांबवू शकतो, दुबार पेरणीची वेळ आली की कंबरडं मोडतं. आमोस या दुसऱ्या जातीच्या दुष्काळाबद्दल बोलतोय. पुढे म्हणतो, एका गावावर पाडला, दुसऱ्यावर नाही, एक शेत भिजलं, शेजारचं वाळलं. बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं म्हणतात तसं. हा माणूस तकोवाचा, यरुशलेमच्या दक्षिणेला वाळवंटाच्या काठचं गाव, मेंढरं आणि उंबरांच्या जातीची झाडं राखणारा. त्याला तीन महिन्यांचा हिशेब बोटांवर येत असणार.

आणखी एक गंमत. आमोस देवाला 'किमा आणि केसील घडवणारा' म्हणतो. किमा म्हणजे कृत्तिका आणि केसील म्हणजे मृग, असं बहुतेक मानलं जातं. आपला मृगाचा पाऊस पडतो तेव्हा सूर्यच मृगात असतो, नक्षत्र रात्री दिसत नाही. तिकडे मृग संध्याकाळी डोक्यावर लखलखतो तो भर हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या पावसातच. त्याच चांदण्या, एकीकडे लपून पाऊस, दुसरीकडे दिसून पाऊस.

मग नकाशा, आणि त्यावर फक्त चार गोष्टी

मोठा रंगीत नकाशा घेऊ नका, मुलं शहरांची नावं शोधत बसतात. हातानं काढा. डावीकडे समुद्र. मध्ये वरपासून खालपर्यंत डोंगराची रांग, तिच्यावर यरुशलेम. उजवीकडे यार्देनची खोल दरी, तिच्या तळाला मृत समुद्र, जो समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून खाली आहे. त्याच्याही पलीकडे वाळवंट. पाऊस डावीकडून येतो, डोंगरावर पडतो, उजवीकडे उतरताना संपतो. कोकण, सह्याद्री आणि देश, लहान मापात. यरुशलेमला वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, अगदी दक्षिणेला एलातला तीसेक. मुंबईचा पाऊस दोन हजारांच्या वर. हे आकडे समासात लिहा, म्हणजे 'देवानं पाऊस रोखला' या वाक्याचं वजन कळेल. मुळात शिल्लक थोडी.

वाऱ्याचे बाण दोनच: पश्चिमेचा ओला, पूर्वेचा कोरडा. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा ज्यांनी केलाय त्यांनी सावध राहावं. आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा मतलई थंड आणि भला असतो, होड्या त्यावरच बाहेर पडतात. तिकडचा पूर्वेचा वारा वाळवंट घेऊन येतो, एका दुपारात फुलं करपवतो. होशेय त्याचं नाव घेतो, योनाच्या डोक्यावर शेवटी तोच सोडला जातो.

एक प्रकरण सावकाश: कर्मेल

पहिल्या राजांच्या पुस्तकाचे १७ ते १९ हे अध्याय घ्या. घाई करू नका, आम्हाला तीन गुरुवार लागले.

वाचण्यापूर्वी बआल कोण ते माहीत हवं, नाहीतर तो नुसता 'खोटा देव' राहतो आणि गोष्टीतली धार जाते. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९ पासून खोदकाम झालं आणि उगारित नावाचं जुनं शहर वर आलं, त्याबरोबर मातीच्या पाट्या. त्यांत बआलाला 'ढगांवर स्वार होणारा' म्हटलंय. पाऊस, गडगडाट, वीज हे त्याचं खातं. एका काव्यात तर दुष्काळाचं वर्णन असं येतं की बआल कमी पडणार, दव नाही, पाऊस नाही. आता एलियाहूचं पहिलंच वाक्य वाचा: मी सांगेपर्यंत दव नाही, पाऊस नाही. तो बआलाच्याच दुकानात शिरून त्याच्या गल्ल्यावर हात ठेवतोय. इस्राएलचा राजा अहाब याची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी, बआल तिच्या माहेरचा. दुष्काळात देव एलियाहूला जेवायला कुठे पाठवतो? सीदोनच्याच मुलखात, सारफथला, एका विधवेच्या घरी. बआलाच्या अंगणातही पाऊस नाही, आणि तिथल्या एका मडक्यातलं पीठ मात्र संपत नाही.

मग माझा एक नियम: प्रत्येक वाक्यात राजा अहाब काय शोधतोय ते अधोरेखित करा. दुष्काळात तो गवत शोधतो, कशासाठी? माणसांसाठी नव्हे, घोडे आणि खेचरं जगावीत म्हणून. हसू नका, त्याला कारण आहे. अश्शूरच्या राजानं कोरलेल्या एका शिलालेखात इ.स.पूर्व ८५३ च्या कर्कारच्या लढाईत अहाबाचे दोन हजार रथ मांडलेले आहेत. आकडा फुगवलेला असेल, तरी रथ हे त्याचं बळ होतं एवढं नक्की. घोडे मेले की राज्य मेलं.

कर्मेल डोंगरावर साडेचारशे बआलाचे पुजारी ओरडतात, अंग कापून घेतात, काही होत नाही. एलियाहू वेदीवर बारा घागरी पाणी ओततो, तीन वर्षांच्या दुष्काळात! अग्नी पडतो. सगळे इथेच थांबतात, चित्रंही याचीच काढतात. मला विचाराल तर खरी गोष्ट यानंतर सुरू होते. कारण वाद अग्नीचा नव्हताच, पावसाचा होता. एलियाहू गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि चाकराला म्हणतो, जा, समुद्राकडे बघ. सहा वेळा काही नाही. सातव्यांदा माणसाच्या तळव्याएवढा ढग समुद्रातून वर येताना दिसतो. इथे तुमचा नकाशा बोलला पाहिजे: डावीकडे समुद्र, ढग डावीकडूनच येणार.

आणि एलियाहू काय निरोप धाडतो? रथ जुंप आणि उतर, नाहीतर पाऊस तुला अडवील.

या वाक्याकडे माझं कधी लक्ष नव्हतं. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत भाचीकडे गेले होते, तिनं मुहराकाला नेलं. कर्मेलच्या रांगेवरची ही जागा, परंपरेनं त्या वेदीची मानतात, तिथे ख्रिस्ती मठ आहे. गच्चीवरून खाली इज्रेलचं खोरं दिसतं, अगदी सपाट, शेतांचे चौकोन. आम्ही नंतर खाली उतरलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. भाचीला फोटो हवा म्हणून एका शेताच्या बांधावर गेलो आणि मी चार पावलांत अडकले. काळी, चिकट माती, आपल्या देशावरच्या कपाशीच्या जमिनीसारखी. बुटाला गोळा चढला, मग गोळ्यावर गोळा, पाय उचलला तर पाय आला, बूट मातीत. भाची हसत सुटली. मी तशीच एका पायावर उभी राहून म्हटलं, अगं, रथ!

त्या चिखलात रथाची चाकं. पाऊस सुरू झाला की इज्रेलपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर अहाबाला पार करता येणार नव्हते, म्हणून 'नाहीतर पाऊस तुला अडवील'. दुष्काळानं घोडे अडवले, आता पाऊस चाकं अडवणार. दोन्ही बाजूंनी राजाचं बळ एकाच्याच हातात. आणि एलियाहू? तो कंबर बांधून पायी पळत रथाच्या पुढे इज्रेलला पोहोचतो.

घरी आल्यावर शास्ते उघडलं, अध्याय ४ आणि ५. हेच खोरं. कनानी सेनापती सीसराचे नऊशे लोखंडी रथ, समोर दबोरा आणि बाराक. दबोराच्या गीतात आकाश पाझरतं, तारे आपल्या मार्गांवरून लढतात आणि किशोन नदी शत्रूला वाहून नेते. सीसरा रथातून उतरून पायी पळतो. किशोन तीच, कर्मेलच्या पायथ्याची. एलियाहूच्या गोष्टीत बआलाच्या पुजाऱ्यांना जिथे नेलं ती हीच नदी. गोष्ट ऐकणाऱ्या त्या काळच्या माणसाला 'रथ', 'पाऊस', 'किशोन' हे तीन शब्द ऐकले की सीसरा आठवलाच असेल, आपल्याला घोडखिंड म्हटलं की बाजीप्रभू आठवतात तसा. मला मात्र बूट गमवावा लागला. (नंतर धुऊन मिळाला.)

तिसऱ्या गुरुवारी १९वा अध्याय. एलियाहू होरेब डोंगरावर गुहेत. वारा येतो, खडक फोडणारा, देव वाऱ्यात नाही. भूकंप, देव भूकंपात नाही. अग्नी, देव अग्नीतही नाही. मग एक बारीक, शांत आवाज. हा अध्याय १८ च्या लगेच नंतर वाचायलाच हवा. आत्ताच तर अग्नी पाठवला होता! वादळावर हुकूम चालतो म्हणजे तो वादळच आहे असं समजू नका, हे त्याच पुस्तकानं पुढच्याच पानावर सांगून ठेवलंय. बआल वादळात राहतो. हा वादळ पाठवतो.

आम्हा बेने इस्राएलांचा एलियाहूवर फार जीव. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या म्हणून आम्ही मानतो. नवस तिथे फेडतात, मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, सुका मेवा, वर फळं. मी लहानपणापासून तिथे जातेय, पण ज्यानं राजाच्या रथापुढे पायी धाव घेतली त्यालाच शेवटी अग्नीचा रथ न्यायला आला, हे दोन रथ माझ्या डोक्यात त्या चिखलानंतर जुळले.

क्रियापद कुणाचं आहे ते विचारा

यासाठी योना उत्तम, देवानं सांगितलेलं काम टाळून पळणाऱ्या संदेष्ट्याची गोष्ट, चारच अध्याय. दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुरला, दुपारच्या प्रार्थनेत तो अख्खा वाचतात, तेव्हा पोट रिकामं आणि डोकं हलकं असतं. घरी वाचताना दोन रंग घ्या. देव कर्ता असेल तिथे लाल, योना कर्ता असेल तिथे निळा.

देव समुद्रावर मोठा वारा फेकतो. खलाशी सामान फेकतात. मग योनाला फेकतात. हिब्रूत तिन्हीकडे एकच क्रियापद आहे. पुढे 'वायेमान', म्हणजे नेमलं, हे चारदा येतं: मासा नेमला, किकायोनचं झुडूप नेमलं, किडा नेमला, पूर्वेचा वारा नेमला. भाषांतरांत दर वेळी वेगळा शब्द येऊ शकतो, म्हणून समासात चार ठिकाणी 'नेमलं' लिहून घ्या. किकायोन म्हणजे एरंड असावा असं पुष्कळांचं मत. आमच्या पेणच्या परसात एरंड होता, एका पावसात माणसाच्या वर जायचा, म्हणून एका रात्रीत वाढणारं झुडूप मला पटकन पटलं.

आता नुसते लाल शब्द वाचत जा. मासा लगेच येतो, किडा लगेच येतो, वारा लगेच येतो. सगळं पुस्तक चाळलं तर सांगितलेलं न ऐकणारा एकच सापडतो, तो निळा. आणि तोच बोटीवर खलाशांना ऐटीत सांगतो की समुद्र आणि कोरडी जमीन निर्माण करणाऱ्या देवाला मी भजतो. त्याच देवापासून, त्याच समुद्रावरून, पळत असताना! जाऊबाईंनी इथे फोनवर जे हसायला सुरुवात केली ते पाच मिनिटं थांबेना.

लाल-निळा हा खेळ यिर्मयाच्या १४व्या अध्यायावरही करून बघा. तिथे दुष्काळात लाल जवळजवळ नाहीच. सरदारांचे नोकर टाक्यांवर जातात, रिकामी भांडी घेऊन परततात, डोकी झाकून घेतात. हरिणी व्यालेलं पाडस टाकून जाते. रानगाढवं उजाड टेकडीवर उभी राहून वारा हुंगतात. देव गप्प आहे, आणि ती गप्प जागा तुम्हाला रंग नसल्यामुळेच दिसते.

टोळांबद्दल थोडं

योएलात टोळांना चार नावं आहेत: गाझाम, आर्बे, येलेक, हासील. चार जाती की एकाच किड्याच्या वाढीच्या पायऱ्या, यावर वेळ घालवू नका. त्याऐवजी अंजिराच्या झाडाची ओळ बघा: साल सोलून टाकली, फांद्या पांढऱ्या पडल्या. १९१५ साली त्या मुलखावर टोळधाड आली तेव्हा यरुशलेममधल्या छायाचित्रकारांनी झाडांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. ते मिळाले तर बघा. योएल अतिशयोक्ती करत नव्हता हे कळायला एक फोटो पुरतो.

काय करू नका

अग्नी म्हणजे रॉकेल असेल, मासा म्हणजे अमुक जातीचा देवमासा असेल, सूर्य थांबला म्हणजे ग्रहण असेल, असल्या चर्चेला मी गुरुवारी बंदी घातली आहे. उत्तर काहीही आलं तरी पानावरची एक ओळही अधिक कळत नाही. भूकंपाचं मात्र वेगळं. आमोसाच्या पुस्तकाची पहिलीच ओळ 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' अशी तारीख देते, हासोरच्या उत्खननात त्या काळातल्या पडझडीच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि दोनशेहून अधिक वर्षांनंतर जखऱ्याचं पुस्तक तोच भूकंप आठवतं. तिथे खोदकामाचा उपयोग होतो, कारण पुस्तकच त्याच्याकडे बोट दाखवतं.

दुसरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं गेली, आणि आठवड्याच्या आत आमच्या नात्यातले एक गृहस्थ आमोस उघडून 'बघा, पापाचं फळ' म्हणायला लागले. मला अजून त्याचा राग येतो. आमोसाचा चौथा अध्याय काढा आणि तो कुणाशी बोलतोय ते बघा. गरिबांना चेपून नवऱ्याला 'आण रे प्यायला' म्हणणाऱ्या शोमरोनच्या बायकांशी. सहाव्यात हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांशी (शोमरोनच्या खोदकामात कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखर निघाले आहेत). आठव्यात मापात मारणाऱ्यांशी. पाच वेळा 'तरी तुम्ही माझ्याकडे फिरला नाहीत' म्हणतो तो यांना, आणि स्वतःच्याच लोकांना. चाळीत पाणी शिरून मेलेल्या माणसाकडे बोट दाखवायला या पुस्तकातली एकही ओळ मिळत नाही. ते गृहस्थ आमच्या गुरुवारी येत नाहीत.

सुरुवात कुठून

क्रम असा ठेवा: पहिला शमुवेल १२, मग कर्मेलचे तीन अध्याय, त्याला जोडून शास्ते ४ आणि ५, मग योना, मग आमोस पूर्ण. होशेयचा दुसरा अध्याय यानंतरच, कारण त्यात देव आकाशाला उत्तर देतो, आकाश भूमीला, भूमी धान्य-द्राक्षरस-तेलाला आणि ते इज्रेलला. शेवटचा शब्द वाचताना तुमच्या बुटाला चिखल लागलेला असला पाहिजे. नहूमचा पहिला आणि हबक्कूकचा तिसरा अध्याय मोठ्यानं वाचा, मनात नको.

यहेज्केलचा ४७वा अगदी शेवटी. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मग पोहून जावं इतकं. ते वाळवंटातून उतरून मृत समुद्राला मिळतं आणि खारं पाणी गोडं होतं, एन-गेदीला कोळी जाळी वाळत घालतात. नकाशावर ही वाट बोटानं काढा, डोंगरमाथ्यावरून चारशे मीटर खोल खड्ड्यात. मग अकरावी ओळ वाचा, जी बहुतेक लोक ओलांडून जातात: त्याच्या दलदली आणि डबकी मात्र गोडी होणार नाहीत, ती मिठासाठी ठेवली आहेत.

आजीला मी ही ओळ ती ऐंशीची असताना वाचून दाखवली होती. तिच्या माहेरी मिठागरं होती. एवढं सगळं गोडं करणाऱ्या देवानं हा कोपरा खारा का ठेवला असेल, असं मी तिला मोठ्या गांभीर्यानं विचारलं. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "मग? मासे आले ना जाळ्यात? ते खारवायचे कशात?"